खर्रा, बीपी आणि विसराळूपणा

आपल्या नरखेड तालुक्यात घरातलं मोठं माणूस विसरायला लागलं की 'म्हातारपण आहे, चालायचंच' म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो जवळपास २० टक्के. तो पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीनं जाड आणि कडक होतात, मग आतल्या भागाला रक्त कमी पडतं. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. आणि हे चाळिशीतच सुरू होऊ शकतं.

आता आपला खर्रा. पन्नीत घोटून घेतला की लोक फक्त तोंडाच्या कॅन्सरची भीती दाखवतात. पण तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, बीपी चढवतं. दिवसभर गालात थोडा थोडा धरला, तर हे दिवसभर चालतं. म्हणून आधी खर्रा सोडा. शब्दकोडी वगैरे नंतर.

तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात बीपी फुकट मोजतात. आईबाबांना घेऊन जा. गोळी सुरू झाली तर 'बरं वाटतंय' म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. मोबाइलवर रिमाइंडर तुम्हीच लावा. संत्र्याच्या बागेत राबणाऱ्याचं चालणं होतंच. दुकानात बसणाऱ्यानं मात्र रोज अर्धा तास भरभर चालावं.

लॅन्सेट आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचे असे १४ धोके सांगितले, जे आपण कमी करू शकतो. त्यात कमी ऐकू येणंही आहे. तेव्हा इअरफोनचा आवाज जरा कमी करा, माझा सुद्धा!