दिव्यांग मुलाला विमानाने नेताना सीट कुठली घ्यावी?



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सौ.ना एका भगिनीने विचारले, "तुम्ही नातीला विमानाने पुण्याला नेता म्हणे, ते कसे जमवता?" त्यांचा मुलगा सात वर्षांचा आहे, सिंगरेणीच्या कॉलनीत राहतात, आणि पहिल्यांदाच विमानाचे तिकीट काढायचे आहे. फोनवर सांगता सांगता पाऊण तास गेला. आपल्या मंडळात अशी आणखी दोन-तीन घरे आहेत, म्हणून एकदाच लिहून काढतो. बँकेत छत्तीस वर्षे काढलेला माणूस, लेखी असले की मला बरे वाटते.

आमची नात नऊ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. मान ती सावरते, पण पाठीचा तोल राहत नाही. बसवली की हळूहळू डावीकडे कलते. चालता येत नाही. बोलते मात्र भरपूर, घरात मराठी आणि शेजारी तेलुगू.

पहिल्या विमानप्रवासाला निघालो ते पुण्याच्या मुंजीसाठी. तिकीट काढताना आम्ही फक्त भाडे पाहिले. सीटचा विचार केला नाही. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने नातीकडे पाहिले आणि चांगल्या मनाने आम्हाला सगळ्यात पुढची रांग दिली. म्हणाली, "अंकल, इथे पाय मोकळे राहतील." आम्ही तिचे आभार मानले.

आत गेल्यावर कळले की ती रांग आमच्यासाठी सर्वांत गैरसोयीची होती. पुढच्या रांगेसमोर सीट नसते, भिंत असते. त्यामुळे जेवणाचा ट्रे खुर्चीच्या हातातच घडी करून बसवलेला असतो, आणि तो हात वर होत नाही. जावयाला मुलीला उचलून त्या हातावरून पलीकडे न्यावे लागले. समोर सीट नसल्याने पिशवी पायाशी ठेवता येईना. उशी, रोल केलेला टॉवेल, औषधे, सगळे वरच्या कप्प्यात गेले. आणि विमान धावपट्टीवर असताना उठता येत नाही! तिला दिलेली सीट वाटेच्या कडेची, तीही तिच्या डाव्या हाताला वाट येईल अशी. विमानाने वेग घेतला तशी ती वाटेकडे झुकली. लेकीने दोन्ही हातांनी तिला धरून ठेवले. उतरतानाही तेच. सव्वा तासाचा प्रवास, पण लेक उतरली तेव्हा तिचे दंड थरथरत होते, आणि नात मला म्हणाली, "आजोबा, येताना रेल्वेनेच जाऊ."

परतीचे तिकीट आधीच काढलेले होते. मुंज झाल्यावर दोन दिवस मी हाच अभ्यास केला.

पहिली गोष्ट उमगली ती ही, की "दिव्यांगांसाठी चांगली सीट" अशी एक सीट विमानात नसते. मूल कुठल्या बाजूला कलते, त्याला कोण उचलणार, ते घाबरते का, पाय झाडते का, यावर सीट ठरते. आपल्याकडच्या देशांतर्गत मार्गांवर बहुतेक एअरबस 320 जातीची किंवा बोइंग 737 जातीची विमाने असतात. दोन्हींत मधल्या वाटेच्या दोन बाजूंना तीन-तीन सीट. समोर तोंड करून बसले की डाव्या हाताची खिडकी ए, मग बी आणि सी. वाटेपलीकडे डी, ई, आणि उजव्या हाताची खिडकी एफ. आमची नात डावीकडे कलते, म्हणून तिची जागा ए. डावीकडे विमानाची भिंत, तिच्यात आणि भिंतीत उशी, उजवीकडे बी वर आई. तिला कोणी धरून बसावे लागत नाही. उजवीकडे कलणाऱ्या मुलाला याच हिशेबाने एफ. हे इतके साधे आहे की आधी कसे सुचले नाही याची मला अजून लाज वाटते.

खिडकीचा दुसरा फायदा म्हणजे इतर प्रवाशांना मुलाला ओलांडून जावे लागत नाही, आणि आणीबाणीत वाट अडत नाही, म्हणून विमानातले कर्मचारीही तीच जागा पसंत करतात. तोटा असा की मुलाला वाटेपासून दोन सीट आत सरकवावे लागते. इथे खुर्चीचे हात महत्त्वाचे ठरतात. मधले हात तर वर होतातच, पण वाटेकडचा बाहेरचा हात पक्का दिसतो. बऱ्याच विमानांत त्याच्या खालच्या अंगाला, मागच्या सांध्याजवळ एक बारीक खटका असतो. तो दाबला की तोही वर जातो. सगळ्या रांगांना असतोच असे नाही, म्हणून आत शिरताच क्रूला विचारावे. तिन्ही हात वर केले की बाकासारखी सलग जागा मिळते आणि मुलाला उचलण्याऐवजी सरकवता येते. नातीचे वजन तेव्हा वीस किलो होते. पुढे पस्तीस-चाळीस होईल तेव्हा या खटक्याची किंमत आणखी कळेल.

पंखांजवळच्या आणीबाणीच्या दारांच्या रांगा अशा प्रवाशांना मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्या दारांच्या लगेच पुढची रांग बहुधा मागे झुकत नाही. शेवटची रांगही बहुधा नाही. पाठ टेकून राहावे लागणाऱ्या मुलाला या दोन्ही रांगा टाळाव्यात. उड्डाण आणि उतरताना मात्र प्रत्येकाची पाठ सरळच ठेवावी लागते, म्हणून आधार उशीचाच हवा.

ज्यांचे मूल चालते-फिरते पण स्वमग्न आहे, त्यांचा हिशेब वेगळा. शेवटच्या रांगांत शौचालयाचा आवाज, दाराशी रांग, क्रूच्या गाड्यांचा खडखडाट. पंखांच्या पुढे इंजिनाचा आवाज कमी येतो. जे मूल समोरच्या सीटला पाय मारते, त्याच्यासाठी मात्र तीच पुढची भिंतीची रांग उत्तम, जी आमच्या नातीला नकोशी झाली. छोट्या शहरांना जाणारी एटीआर विमाने असतात, त्यांत दोन्ही बाजूंना दोन-दोनच सीट असतात. मूल आणि आई, तिसरा अनोळखी माणूस नाही. त्यात प्रवासी मागच्या दाराने चढतात, म्हणून तिथे मागची रांग जवळची. पण पायऱ्या चढाव्या लागतात, हे लक्षात ठेवावे.

आता कंपनीला काय सांगायचे ते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांप्रमाणे आपल्या गरजा निघण्याच्या 48 तास आधी कळवाव्यात. तिकिटाच्या फॉर्ममध्ये व्हीलचेअरवर खूण केली की काम झाले असे समजू नका. व्हीलचेअरचे तीन सांकेतिक शब्द जगभर चालतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढू शकतो, फक्त लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, विमानात चालू शकतो. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावेच लागेल. आमच्या पहिल्या तिकिटावर पहिला शब्द पडला होता, म्हणून विमानाच्या आत जाणारी अरुंद खुर्ची कोणी आणलीच नाही. बौद्धिक किंवा विकासात्मक दिव्यांगत्व असेल तर डीपीएनए असा चौथा शब्द आहे. तो स्वमग्न मुलांच्या पालकांनी आवर्जून टाकून घ्यावा.

मी फोन करतो आणि त्यानंतर मेल पाठवतोच. मेल इतकाच: "पीएनआर अमुक. प्रवासी क्रमांक तीन, वय नऊ, सेरेब्रल पाल्सी, आधाराशिवाय बसू शकत नाही. डब्ल्यूसीएचसी हवे. डाव्या खिडकीची सीट व शेजारी आई हवी. भिंतीची पहिली रांग नको. आधाराची उशी आणि औषधाची पिशवी सीटजवळ राहील." उत्तर आले की छापून कागदपत्रांत ठेवायचे. सीट निवडण्याचे जादा पैसे भरण्याआधी हे बोलून घ्यावे, कारण कंपन्यांचे नियम सारखे नाहीत. आणखी एक आधार आहे. एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने कंपन्यांना सांगितले की एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडील किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्यावी. म्हणून सगळ्यांचे तिकीट एकत्रच काढा. जावयाच्या ऑफिसने त्यांचे वेगळे काढले, असे होऊ देऊ नका.

लहान मुलांसाठी केअर्स नावाचा पट्टा मिळतो. तो सीटच्या पाठीवरून बांधून खांद्यांना आधार देतो, आणि अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने तो 10 ते 20 किलो वजनासाठी मान्य केला आहे. परदेशातून कोणी आणून दिला तरी इथली कंपनी तो वापरू देईल का, हे आधी लेखी विचारा. ऐन वेळी "काढा" म्हटले तर पंचाईत.

"पण आम्हाला चढूच दिले नाही तर?" हा प्रश्न त्या भगिनीने सर्वांत आधी विचारला होता, आणि तो उगाच नव्हता. 19 फेब्रुवारी 2012 रोजी जीजा घोष या कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांनाही सेरेब्रल पाल्सी आहे. विमानात सीटवर बसलेल्या असताना स्पाइसजेटने त्यांना उतरवले. त्या आणि मुंबईची अ‍ॅडॅप्ट ही संस्था, म्हणजे पूर्वीची स्पॅस्टिक्स सोसायटी, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 12 मे 2016 रोजी निकाल लागला आणि कंपनीला 10 लाख रुपये भरपाई द्यावी लागली.

दुसरी घटना आपल्याला जवळची, कारण ते विमान हैदराबादलाच यायचे होते. 7 मे 2022 रोजी रांची विमानतळावर इंडिगोने एका दिव्यांग किशोरवयीन मुलाला तो अस्वस्थ आहे म्हणून चढू दिले नाही. आई-वडीलही मग थांबले. सहप्रवाशांत डॉक्टर होते, त्यांनी मदतीची तयारी दाखवली, तरी उपयोग झाला नाही. डीजीसीएने चौकशी करून कंपनीला 5 लाखांचा दंड केला. मुलाशी जरा मायेने वागले असते तर तो शांत झाला असता, असे त्यांनी नोंदवले. त्याच वर्षी जुलैमध्ये नियम बदलला. आता केवळ दिव्यांगत्वावरून प्रवास नाकारता येत नाही. उड्डाणात प्रकृती बिघडेल असे कंपनीला वाटले तर डॉक्टरकडून तपासणी करून त्यांचे स्पष्ट मत घ्यावे लागते, आणि नाकारलेच तर कारण लेखी द्यावे लागते. काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा "कारण लेखी द्या" हे वाक्य शांतपणे म्हणावे. समोरचा माणूस लगेच वरिष्ठांना बोलावतो. बँकेत आम्हीही तेच करायचो! तक्रार एअरसेवा पोर्टलवर करता येते.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. तिकडे 1986 पासून यासाठी वेगळा कायदा आहे. दिव्यांग प्रवाशाला मदत करणाऱ्या माणसाला शेजारची सीट, आणि पाय दुमडत नसेल त्याला पाय पसरता येईल अशी सीट मागता येते. कॅनडात तर 2009 पासून देशांतर्गत प्रवासात सोबतीची गरज असलेल्या माणसाच्या सोबत्याला वेगळे भाडे लावत नाहीत. आपल्याकडे रेल्वे सोबत्याला सवलत देते, त्यामुळे विमानातही मिळेल असे आपण धरून चालतो. आधी विचारा.

मंचेरियलहून निघायचे तर हैदराबाद सुमारे अडीचशे किलोमीटर. पहाटेचे विमान स्वस्त दिसते, पण त्यासाठी मुलाला रात्रभर गाडीत घालू नये. आम्ही आदल्या दिवशी रेल्वेने सिकंदराबाद गाठतो आणि मुक्काम करतो. दुपारचे विमान घेतो. सदरेमचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, दोन्हींच्या प्रती हातातल्या पिशवीत. झटक्यांचे औषध कधीही सामानात टाकू नये. स्वतःची व्हीलचेअर असेल तर ती विमानाच्या दारापर्यंत न्यायची आणि तिथेच परत हवी असे चेक-इनला सांगायचे, नाहीतर ती थेट सामानाच्या पट्ट्यावर भेटते. चढताना सर्वांत आधी जायचे, उतरताना सर्वांत शेवटी. घाई करणाऱ्यांना जाऊ द्यावे.

त्या मुंजीहून परतताना आम्ही सातव्या रांगेत ए, बी, सी घेतल्या. मी नेहमीप्रमाणे मागे कुठेतरी. उतरल्यावर नातीने मला खिडकीतून दिसलेल्या ढगांचे वर्णन थेट कारपर्यंत ऐकवले. रेल्वेचा विषय काढला नाही.

वर लिहिलेल्या मेलचा मराठी आणि इंग्रजी नमुना मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. रविवारी सकाळी मी तिथे असतो. येताना मुलालाही घेऊन या. ते कसे बसते हे पाहिले की ए की एफ ते तिथेच ठरवू.