मत्स्यालयाचा विजेवरचा पहारा

चेन्नईच्या कोळत्तूर भागात शोभेच्या माशांची मोठी बाजारपेठ आहे. तिथून हौसेने आणलेले मासे घरातल्या काचेच्या टाकीत सोडले, की त्यांचा जीव विजेच्या तारेला टांगलेला असतो. फिल्टर आणि हवेचा पंप रात्रभर चालावेच लागतात. रात्री ते बंद पडले तर मासा ओरडत नाही. सकाळी तो पाण्यावर तरंगताना दिसतो. चेन्नईच्या उकाड्यात हातात वेळही कमी असतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅम.

यासाठी वीज मोजणारा स्मार्ट प्लग उपयोगी पडतो. उपकरण किती वॅट घेते हे तो मोजत राहतो आणि आकडा आपण आखलेल्या मर्यादेबाहेर गेला की मोबाइलवर इशारा पाठवतो. ही मर्यादा कुठे आखायची, हाच खरा प्रश्न. पहाऱ्यावरचा जवान पान हलले तरी ओरडू लागला, तर चार रात्रींनी त्याच्याकडे कोणी लक्ष देणार नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. उलट त्याने डोळे मिटून घेतले, तर पहारा असून नसल्यासारखाच. मर्यादा फार अरुंद नको आणि फार रुंदही नको.

म्हणून पहिला आठवडा फक्त निरीक्षणाचा. उपकरणावर छापलेल्या वॅटवर विसंबू नये. प्रत्यक्ष आकडे वहीत टिपावेत. समजा, २० वॅटचा फिल्टर आठवडाभर १७ ते १९ वॅट घेतो. मग खालची मर्यादा १४ आणि वरची २३ ठेवून सुरुवात करता येते. पंप पाण्याशिवाय कोरडा फिरू लागला की भार हलका होऊन आकडा खाली येतो. शून्य आले, तर पंप थांबला किंवा त्याची तार निघाली.

प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र प्लग हवा. चार वॅटचा हवेचा पंप आणि शंभर वॅटचा हीटर एकाच प्लगवर असतील, तर पंप बंद पडल्याचे हीटरच्या चढउतारात कळणारही नाही.

हीटरचे गणित थोडे वेगळे आहे. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. तिच्यात दहा टक्के कमीजास्त धरले तर २०७ ते २५३. हीटरची वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून १०० वॅटचा हीटर २०७ व्होल्टला ८१ वॅट घेईल आणि २५३ व्होल्टला १२१. त्याला ९० ते ११० ची मर्यादा लावली, तर हीटर ठणठणीत असूनही इशारे वाजत राहतील. ७५ ते १३० अधिक शहाणपणाची. शिवाय पाणी पुरेसे गरम झाले की हीटर आपोआप बंद होतो, म्हणून त्याचे शून्य हा बिघाड नव्हे. तो सलग किती वेळ चालू किंवा बंद आहे, याची मर्यादा घालावी. पाणी थंड करणाऱ्या चिलरलाही हाच नियम. त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर बरीच जास्त वीज ओढतो. तेव्हा आकडा मिनिटभर मर्यादेबाहेर राहिला तरच इशारा यावा, अशी सवड ठेवावी.

आणखी एक धोका आहे. घराची वीजच गेली तर प्लग आणि वायफाय दोन्ही बंद पडतात. मग इशारा पाठवणार कोण? डिसेंबर २०१६ च्या वरदा आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळात चेन्नईच्या अनेक भागांत वीज खंडित झाली होती. चौकीकडून ठरल्या वेळी खबर आली नाही, तर ती न येणे हीच खबर मानतात. इथेही तसेच करावे. प्लगशी संपर्क तुटल्याचा इशारा ॲपमध्ये मिळत असेल तर तो चालू ठेवावा, राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवावा.

प्लग विजेवर पहारा देतो, पाण्यावर नाही. स्पंज तुंबून धार बारीक झाली तरी वॅटमध्ये फारसा फरक दिसेलच असे नाही. म्हणून रोज एकदा टाकीसमोर उभे राहून धार पाहावी. महिन्यातून एकदा मोठ्यांच्या देखरेखीखाली, कोरड्या हातांनी, फिल्टरची पिन मुद्दाम प्लगमधून काढावी आणि इशारा किती वेळात येतो ते घड्याळ लावून पाहावे. कवायत जशी संकटाआधी करायची असते, तशीच ही तपासणीसुद्धा.