रुमालांच्या डिजिटायझेशनला पैसे कुठून?

मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक, देवस्थानांच्या जमाखर्चाच्या वह्या: हा ठेवा केवळ सरकारी पुराभिलेखागारात नाही. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (1910) आणि इतिहासाचार्य राजवाड्यांच्या स्मरणार्थ धुळ्यात उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ ही ठळक नावे झाली. तालुक्याच्या जुन्या वाचनालयांतही कपाटे भरलेली आहेत. डिजिटायझेशन करायला कोणाचीच ना नसते. अडते पैशावर, आणि माझ्या मते त्याहून अधिक, पैसे नेमके कशासाठी मागायचे यावर.

खर्च कशाचा?

कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला विषय निघतो स्कॅनरचा. पण यंत्र एकदा घेतले की झाले. स्कॅन करण्याआधी धूळ झटकणे, फाटक्या कडा सांधणे, पाने लावून घेणे ही कामे असतात. शिवलेले बाड काचेवर दाबता येत नाही. त्याला वरून प्रतिमा घेणारा स्कॅनरच हवा.

खरा पैसा लागतो सूचीला. मोडी पत्राची प्रतिमा क्षणात निघते. ते कोणी, कोणाला, केव्हा लिहिले हे ठरवण्यात जाणकाराची अख्खी सकाळ जाऊ शकते. पेशवाईतल्या कित्येक पत्रांत अरबी महिना आणि चंद्र (तारीख) दिलेला असतो, वर्ष मात्र नसते. ते मजकुरावरून ताडावे लागते. हे काम झाले नाही, तर हाती उरतात नुसत्या आकड्यांच्या नावांच्या हजारो फायली. तरीही प्रस्तावात मोडीवाचकाचे मानधन शेवटच्या ओळीत, तेही संकोचाने लिहिले जाते. ते पहिल्या ओळीत यायला हवे.

सरकारी योजना

राष्ट्रीय पांडुलिपी मिशन 2003 मध्ये सुरू झाले. 2025-26च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखिते हे तिचे लक्ष्य, आणि खासगी संग्रहही तिच्या कक्षेत आहेत. पण मेख व्याख्येत आहे. मिशनच्या लेखी हस्तलिखित म्हणजे किमान 75 वर्षे जुना, हाताने लिहिलेला ज्ञानविषयक मजकूर. फर्माने, महसुली कागद आणि छापील ग्रंथ त्यात धरलेले नाहीत. म्हणजे पोथी बसते, दफ्तर बसत नाही. अर्ज करण्यापूर्वी संग्रहाची अशी विभागणी करून घ्यावी.

कंपन्यांचा सीएसआर

कंपनी कायदा 2013च्या कलम 135नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते. सातव्या परिशिष्टात वारसा, कला, संस्कृती आणि सार्वजनिक ग्रंथालये यांचा स्पष्ट उल्लेख आहे. संस्थेकडे सीएसआर-1 नोंदणी हवी. स्कॅनरसमोर दात्याचा फोटो निघतो, म्हणून यंत्राला पैसे लवकर मिळतात. सूचीचा फोटो निघत नाही. अशा वेळी काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मांडावे. सुरुवातीचे आर्थिक वर्ष वगळून त्याला आणखी तीन वर्षांपर्यंत मुदत मिळते.

परदेशी अनुदान

ब्रिटिश लायब्ररीचा ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’ 2004 पासून धोक्यातल्या संग्रहांना मदत करतो. मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत. मात्र परदेशी पैसा घ्यायचा तर परकीय अंशदान कायद्याची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. 2020च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फतही तो वळवून घेता येत नाही.

काम संपल्यानंतर

हार्ड डिस्क बिघडतात, सर्व्हरचे भाडे दरवर्षी येते आणि निदान एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी लागते. या खर्चाला अनुदान क्वचितच मिळते. म्हणून स्थानिक देणग्यांतून छोटी कायम ठेव उभारावी. संस्थेला 80-जी मान्यता असेल, तर जुनी करप्रणाली निवडलेल्या दात्याला प्राप्तिकरात वजावट मागता येते. गावाबाहेर गेलेल्या जुन्या घराण्यांना आपल्याच घरच्या रुमालाचा खर्च उचला असे सांगितले, तर सहसा नाही म्हणत नाहीत.

आणि स्कॅनिंगचे कंत्राट देताना मूळ, न आकसलेल्या फायली संस्थेच्या ताब्यात येतील व कंत्राटदार त्या विकणार नाही, ही दोन कलमे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच लिहून घ्यावीत.