न दिसणाऱ्या नात्यांचे मोजमाप

भारतातील गिधाडे जवळपास नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे अधिक मृत्युमुखी पडली, असा निष्कर्ष एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडला आहे. गिधाड जिवंत माणसाच्या वाटेला जात नाही. मग त्याच्या असण्या-नसण्याचा हिशेब माणसाच्या मृत्यूपर्यंत पोहोचतो कसा आणि तो मोजायचा कसा? परिसंस्थाशास्त्रात हा प्रश्न जुना आहे.

वाघ हरणाला खातो, हरीण गवत खाते, ही झाली प्रत्यक्ष नाती. वाघामुळे हरणे कमी राहतात आणि म्हणून गवत वाढते, हे वाघ आणि गवत यांच्यातील अप्रत्यक्ष नाते. पहिले डोळ्यांना दिसते. दुसरे नुसत्या निरीक्षणातून सिद्ध होत नाही, कारण गवत चांगल्या पावसानेही वाढू शकते.

यावरचा सरळ, काहीसा आडदांड उपाय रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये योजला. वॉशिंग्टन राज्यातील मकॉ उपसागराच्या खडकाळ किनाऱ्यावर त्यांनी एक पट्टा निवडला आणि तेथील तारामासे उपटून समुद्रात फेकण्यास सुरुवात केली. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामाशाचे आवडते खाद्य म्हणजे शिंपले. गोव्यात शिनाणे म्हणून खातात, त्यांच्याच जातकुळीतले. खाणारा गेल्यावर शिंपल्यांनी खडक व्यापण्यास सुरुवात केली आणि जागेअभावी इतरांची गच्छंती झाली. पंधरा प्रजातींपैकी आठच उरल्याची नोंद पेन यांच्या १९६६ च्या निबंधात आहे. हाकलल्या गेलेल्यांत शेवाळांसारखे, तारामासा ज्यांना तोंडही लावत नाही असे सजीव होते. अशा प्राण्याला पेन यांनी १९६९ मध्ये ‘कळीची प्रजाती’ म्हटले. कमानीच्या माथ्यावरचा दगड काढला की कमान कोसळते, हे रूपक त्यामागे होते.

तथापि, एका प्रजातीचा परिणाम मोठा आहे एवढे म्हणून भागत नाही. किती मोठा, हे सांगावे लागते. त्यासाठी ती प्रजाती असलेल्या आणि नसलेल्या तुकड्यांतील फरक काढून त्याला तिच्या संख्येने भागण्याची रीत आली. म्हणजे दरडोई परिणाम. याच रीतीने पेन यांनी १९९२ मध्ये शेवाळ खाणाऱ्या प्राण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा बहुतेक नाती क्षीण आणि मोजकीच प्रबळ निघाली. ब्रूस मेंगे यांनी १९९५ मध्ये खडकाळ किनाऱ्यांवरील २३ अन्नजाळ्यांचे प्रयोग तपासले. प्रजाती काढल्यानंतर झालेल्या बदलांपैकी सुमारे ४० टक्के बदल अप्रत्यक्ष नात्यांतून आलेले होते. हा वाटा उपेक्षा करण्याजोगा नाही.

परिणाम होण्यासाठी शिकारीचीही गरज नसते, हे ऑस्वाल्ड श्मित्झ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले. त्यांनी कोळ्यांची तोंडे चक्क गोंदाने चिकटवली आणि ते नाकतोड्यांच्या पिंजऱ्यांत सोडले. या कोळ्यांना मारणे शक्य नव्हते, पण नाकतोड्यांना ते कोण सांगणार? ते गवत सोडून रुंद पानांच्या रोपट्यांकडे वळले. गवत वाचले आणि रोपट्यांची खराबी झाली, जवळपास तोंडे मोकळी असलेल्या कोळ्यांच्या पिंजऱ्यांत झाली तशीच. नुसत्या भयाचेही माप काढता येते, ते असे.

गिधाडांच्या बाबतीत प्रजाती हटविण्याचा प्रयोग कोणी ठरवून केला नाही. तो आपल्या हातून घडला. १९९४ पासून जनावरांसाठी स्वस्त डायक्लोफेनॅक सर्रास वापरले जाऊ लागले. औषध दिलेल्या जनावराचे कलेवर खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. मुंबईत डुंगरवाडीवर पारशी समाजाला मृतदेहांसाठी सौरऊर्जेची आरशांची योजना करावी लागली, ती याच कारणाने.

येथे शेजारी अस्पर्श पट्टा राखून ठेवलेला नव्हता. म्हणून फ्रँक आणि सुदर्शन यांनी पूर्वी गिधाडांसाठी अनुकूल असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांच्या मृत्युदरांची औषध येण्यापूर्वी व नंतर तुलना केली. आधी दोन्हीकडचे दर सोबत चालत होते. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत ते चार टक्क्यांहून अधिक वाढले. उघड्यावर कुजणारी कलेवरे, त्यांवर पोसलेली भटकी कुत्री, रेबीज आणि दूषित पाणी, असा तो अप्रत्यक्ष मार्ग. रेबीजच्या लशींची विक्री वाढल्याचा आणि पाण्याचा दर्जा घसरल्याचा पुरावाही त्यांनी दिला आहे. यातील कोणत्या वाटेने किती बळी गेले, याची फोड मात्र एकूण आकड्याइतकी पक्की नाही, आणि पाच लाखांचा आकडा वाचताना ते ध्यानात ठेवणे इष्ट.

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर केंद्राने २००६ मध्ये बंदी घातली. केटोप्रोफेन आणि एसेक्लोफेनॅक यांवर ती येण्यास २०२३ उजाडले. या जातीच्या गिधाडाची मादी विणीच्या हंगामात एकच अंडे घालते.