ट्रेलरवरची जीप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डेन्व्हरहून मोआब सुमारे 350 मैलांवर. युटामधल्या या गावाभोवतीच्या लाल खडकांवर जीप चढवायला अमेरिकाभरातून लोक येतात. 'ईस्टर जीप सफारी' तिथे 1967 पासून भरते. मोठे टायर, विंच आणि लोखंडी बंपर लावलेली जीप हायवेवर इतकी लांब चालवणं जिकिरीचं, आणि खडकात काही मोडलं तर परत यायची पंचाईत. म्हणून ती ट्रेलरवर घालून पिकअपमागे न्यायची रीत आहे. रीत चांगलीच आहे, पण तिच्याबद्दलच्या काही समजुती जिवावर बेतणाऱ्या आहेत.

"माझा पिकअप 11,000 पौंड ओढतो. जीप आणि ट्रेलर मिळून 7,000. मग काळजी कसली?" जाहिरातीतला आकडा खोटा नसतो. बहुतेक कंपन्या तो एसएई जे2807 या प्रमाणानुसार ठरवतात, आणि त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा लांबलचक चढ कडक उन्हात एसी लावून चढायची अट असते. मात्र त्या हिशेबात गाडीत दोनच माणसं धरतात, प्रत्येकी 150 पौंडांची. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर असतो: माणसं आणि सामान मिळून गाडी किती वजन पेलते. नेहमीच्या वापरातल्या कितीतरी पिकअपवर तो 1,500 पौंडांच्या आसपास असतो. ट्रेलरची पुढची दांडी पिकअपच्या मागच्या जोडणीवर (हिचवर) जो भार टाकते, म्हणजे टंग वेट, तोही यातूनच वजा होतो. 7,000 पौंडांच्या ट्रेलरचा हा भार 900 धरला, तर उरले 600. चार मोठी माणसं बसली की तेवढ्यातच हिशेब संपतो. कूलर, तंबू, हत्यारं अजून खालीच आहेत. ओढायची ताकद शिल्लक असते, पेलायची संपलेली असते.

यावर लोक उपाय काढतात तो भलताच: "जीप जरा मागे घेऊ, हिचवरचा भार कमी होईल." भार कमी होतो हे खरं, पण ट्रेलर झुलू लागतो तो यामुळेच. दांडीवर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हवा. वजन चाकांच्या मागे सरकलं की वाऱ्याच्या एका झोताने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकच्या धक्क्याने ट्रेलरचं शेपूट डावीकडे-उजवीकडे जाऊ लागतं. वेग जास्त असेल तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी पिकअपची मागची चाकंही ओढली जातात. थोडंसं सरकवल्याने काय होणार, असं वाटतं. हिशेब करून पाहा: 5,000 पौंडांची जीप, हिचपासून ट्रेलरच्या चाकांच्या मध्यापर्यंत 14 फूट अंतर. जीप एक फूट मागे गेली की दांडीवरचे साधारण 350 पौंड गेले. इंजिन पुढे असल्यामुळे जीप रिव्हर्समध्ये चढवली तरी हीच गत होते.

अंदाजाने हे कळत नाही, वजन करावं लागतं. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. आधी माणसा-सामानासकट नुसता पिकअप तोलायचा, मग ट्रेलर जोडून. दुसऱ्या वेळी पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांवर मिळून जेवढं वजन वाढलं, तेवढं टंग वेट. थोड्या डॉलरांचं काम आहे. सहलीच्या आदल्या दिवशी ते करायचा कंटाळा मला कधीच समजलेला नाही.

ट्रेलर झुलू लागलाच तर पाय आपोआप ब्रेकवर जातो. तसं करू नये, आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ करायचा प्रयत्न तर मुळीच नको. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरचा हाताचा खटका दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. पिकअप पुढून ताणला जातो, ट्रेलर मागून, आणि दोन्ही एका रेषेत येतात. हा खटका न बघता सापडायला हवा, त्याची सवय निघण्यापूर्वीच करावी.

"पिकअपचे ब्रेक दणकट आहेत," हेही नेहमी ऐकू येतं. मोआबच्या वाटेवर, आय-70 हायवेवरचा आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे आणि पश्चिमेला बाहेर पडताच मोठा उतार लागतो. तिथे ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ते तापून निकामी होतात. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यावा आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत.

जीप गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला की ती हलत नाही, ही समजूतही चुकीची. चार कोपऱ्यांना चार पट्टे हवेत. दोन इंची पट्ट्यावर 10,000 पौंड लिहिलेलं असलं तरी ती तुटण्याची मर्यादा. वापरण्याची मर्यादा 3,333. ऑफ-रोड जीपचं सस्पेन्शन मऊ आणि लांब हालचालीचं असतं, म्हणून मी पट्टे चेसीऐवजी ॲक्सलला बांधण्याच्या बाजूचा आहे. चेसीला बांधले तर खड्ड्यात जीप खाली बसते, पट्टा क्षणभर सैल होतो आणि हूक निसटू शकतो. सुरक्षा-साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून फुलीसारख्या घ्याव्यात. ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचची तार मात्र साखळीला अडकवू नये, ती पिकअपला स्वतंत्र लावावी.

ट्रेलरचे टायर वेगळे असतात. बाजूला वेगाची खूण नसेल तर ताशी 65 मैलांची मर्यादा धरावी, रस्त्यावर 75 ची पाटी असली तरी. हवाही टायरवर छापलेल्या कमाल दाबाइतकी भरावी, नाहीतर टायर आतून तापतो.

पहिल्या 50 मैलांच्या आत एकदा थांबावं. मालवाहू ट्रकवाल्यांना तर अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार ते बंधनकारकच आहे. पट्टे पुन्हा आवळावेत, मग प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर बेअरिंग खराब होतंय किंवा ब्रेक अडकलाय. अशा वेळी पुढच्या गावापर्यंत न जाता तिथेच थांबून बघावं.