कर्णाची वाट, पंधरा सेकंदांची बचत

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्थानकात पूल टाळून रूळ तिरके ओलांडणारा प्रवासी नकळत पायथागोरसचे प्रमेयच वापरत असतो. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. समजा, फलाटावरून ४० मीटर चालून पुलावरून ३० मीटर पलीकडे जायचे आहे. एकूण ७० मीटर. तिरके गेल्यास १६०० अधिक ९०० म्हणजे २५००, त्याचे वर्गमूळ ५० मीटर. वाचले २० मीटर, म्हणजे ताशी ५ किलोमीटर चालीने सुमारे १५ सेकंद. जिने धरले तर थोडे अधिक. ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी मात्र तेवढ्या १५ सेकंदांत ३०० मीटर पुढे येते. मैदानात कर्ण धरावा, स्थानकात पूलच बरा.