नोकरी गेली, म्हणून हॉटेलच चालवायला घेतलं : इंडियन कॉफी हाउस

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना मी ‘म्हणजे’ शंभर वेळा म्हटलं होतं, तेवढं कापलंय.

मागच्या महिन्यात आमच्या टीममधल्या चौघांना दुपारी एका मीटिंगचं निमंत्रण आलं. पंधरा मिनिटांची मीटिंग, आणि संध्याकाळी लॅपटॉप जमा. रात्री टपरीवर त्यातला एक जण म्हणाला, "अरे, प्रॉडक्ट आपणच बनवलं ना? मग आपणच का नाही चालवायचं?" सगळे हसलो. पण खरंच असं केलेली माणसं आपल्या देशात आहेत. त्यांची हॉटेलं आजही चालू आहेत, आणि मी त्यातल्या एकात बीटचं कटलेट खाऊन आलोय.

गोष्ट सुरू होते आपल्या मुंबईत. १९३० च्या दशकात कॉफीचे भाव पडले होते. मळेवाल्यांकडे माल पडून, आणि देशातली बहुतेक माणसं कॉफी पीतच नव्हती. मग कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं. उद्देश हॉटेल चालवणं नव्हताच, लोकांना कॉफीची चटक लावणं हा होता. आजच्या भाषेत मार्केटिंगचा खर्च. पुढे हे सगळं कॉफी बोर्डाकडे गेलं, शहराशहरात शाखा निघाल्या. कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटच्या अल्बर्ट हॉलमध्ये १९४२ पासून जे सुरू झालं, ते तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेलच.

१९५० च्या दशकात बोर्डाने ठरवलं, आता ही कॉफी हाउस बंद करायची. म्हणजे वेटर, आचारी, भांडी घासणारे, सगळे रस्त्यावर. इथे येतात केरळचे कम्युनिस्ट खासदार ए. के. गोपालन. ते कामगारांना म्हणाले, नुसता मोर्चा काढून भागणार नाही, सहकारी संस्था काढा आणि हॉटेलं तुम्हीच घ्या. १९ ऑगस्ट १९५७ ला बंगळुरूत पहिली संस्था स्थापन झाली. २७ ऑक्टोबरला दिल्लीत कामगारांचं पहिलं कॉफी हाउस उघडलं. मार्च १९५८ मध्ये केरळात त्रिशूरला. ‘इंडिया’चं ‘इंडियन’ झालं आणि मालक बदलला.

आता ‘सहकारी’ म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो, त्याच्या निवडणुका आणि ते सगळं. फरक नीट बघा. साखर कारखान्यात सभासद असतो ऊस घालणारा शेतकरी. आत मशीनवर उभा असलेला माणूस पगारी नोकरच. कॉफी हाउसमध्ये उलटं. तुमच्या टेबलावर डोसा आणणारा, डोक्यावर पांढरा तुरेवाला फेटा घातलेला माणूस हाच सभासद. संचालक मंडळ तो निवडतो, आणि त्यात बसणारेही त्याच्यासारखेच.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडेही ईसॉप आहेत की! आहेत ना. पण ईसॉपमुळे मिळतो तो शेअर, निर्णय नाही. मत शेअरच्या संख्येवर, आणि तुमच्या-माझ्याकडे दशांश चिन्हानंतर किती शून्यं असतात ते माहितीये. सहकारी संस्थेत एका माणसाला एकच मत, मग शेअर कितीही असोत. तो शेअर बाजारात विकता येत नाही, त्याचं व्हॅल्युएशन वाढत नाही, त्यामुळे बाहेरून कोणी येऊन संस्था विकतच घेऊ शकत नाही.

वाढ कशी झाली, हा माझा आवडता भाग. आपण ‘चेन’ म्हणतो खरं, पण ही एक कंपनी नाहीच. एकाच कोडबेसचे फोर्क समजा. देशभरात १३ स्वतंत्र संस्था, मिळून सुमारे ४०० कॉफी हाउस. एकट्या केरळात दोन संस्था. नाव आणि फेटा सारखा, बाकी ज्याचं त्याचं. केरळात मसाला डोशाच्या भाजीत बीट, कोलकात्यात काळी ‘इन्फ्युजन’ आणि चिकन कबिराजी. तिरुअनंतपुरममध्ये रेल्वे स्टेशनजवळचं कॉफी हाउस लॉरी बेकर या आर्किटेक्टने बांधलंय, विटांचा गोल मनोरा. आत जिना नाही, चढत जाणारा उतार, आणि त्याच्या कडेने टेबलं. मी मित्राच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा तिथे बसलो. आपला ग्लास घसरेल असं सारखं वाटतं. घसरत नाही.

आता दुसरी बाजू. बाहेरचा गुंतवणूकदार नाही, म्हणजे पैसा फक्त स्वतःच्या गल्ल्यातून किंवा कर्जातून. कॉफी स्वस्त ठेवायची, कामगाराचा पगारही सांभाळायचा, आणि शहराच्या मधोमध भाडं भरायचं. हे गणित सगळीकडे जमलं नाही. बंगळुरूचं एम. जी. रोडवरचं जुनं कॉफी हाउस २००९ मध्ये जागा सोडून चर्च स्ट्रीटला गेलं. त्या भागातच, ब्रिगेड रोडला, १९९६ मध्ये कॅफे कॉफी डे सुरू झालं होतं. ते कर्ज आणि गुंतवणुकीवर धडाधड वाढलं, हजाराच्या वर कॅफे झाले, २०१९ मध्ये संस्थापक सिद्धार्थ यांचा मृत्यू झाला, आणि मग शेकडो कॅफे बंद झाले. यावरून सहकार भारी असं मी म्हणत नाहीये. मला स्वतःला एसी आणि वायफाय हवं असतं, खोटं कशाला बोलू. पण कॅफे बंद करायचा की नाही, हे ठरवताना तिथल्या कॉफी देणाऱ्या पोरांना कोणी मत विचारलं नसणार.

टपरीवरच्या त्या मित्राला हा भाग मी आधीच पाठवला. त्याचा रिप्लाय आला : "सभासद व्हायला किती लागतात?" सध्या त्याचे इंटरव्ह्यू चालू आहेत. तुमच्या गावात कामगारांनीच चालवलेलं काही असेल, हॉटेल, छापखाना, काहीही, तर कमेंटमध्ये कळवा. पुढच्या भागात त्यावर बोलू.